मधल्या घनाला विचार

छकुले,

काल फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, बाकी सगळं येतं गं, पण ते रंगवलेल्या घनाचं आलं की डोकं बंद पडतं.’ मग आवाज दाटला आणि तू फोन आईकडे दिलास. रात्री मला झोप आली नाही. कारण माझंही डोकं याच जागी बंद पडलं होतं, आणि ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

भरतीच्या लेखी परीक्षेची गोष्ट आहे. मी सूत्रं घोकून गेले होते. मोठ्या घनाच्या सगळ्या बाजू रंगवून २७ सारखे तुकडे केले, तर तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू रंगलेले १२, एक बाजू रंगलेले ६ आणि कोरा १. झोपेतून उठवलं असतं तरी हेच म्हटलं असतं. पेपरात घन आला, २७ तुकडे आले, ‘एकही बाजू न रंगलेले किती’ असा प्रश्न आला आणि मी क्षणात १ या पर्यायाचं वर्तुळ काळं केलं. घरी येताना एसटीत प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली. त्यात रंग फक्त वरच्या आणि खालच्या बाजूला लावलेला होता. म्हणजे मधला आख्खा थर कोरा, ९ तुकडे. वाचता येत होतं, मोजता येत होतं, तरी चुकलं. कारण मी घनाकडे बघितलंच नव्हतं, पाठ केलेल्या ओळीकडे बघत होते. तुझं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आता एक कर. मोरीतली धुण्याच्या साबणाची कोरी वडी घे आणि सुरीने तिचा जमेल तितका चौरस ठोकळा काढ. बाबांचा गुण्या लावून कोपरे तपास. मग देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवून सहाही बाजूंना बोटाने लाव, वाळू दे. तुकडे करताना सुरीने साबण फुटतो, म्हणून शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून धर आणि हलके ओढत काप. दोन काप उभे, दोन त्यांना काटकोनात पण उभेच, दोन जमिनीला समांतर. सगळे होईपर्यंत तुकडे एकमेकांना धरून ठेवायला तुझ्या मैत्रिणीला बसव. ती घरी कोलामी बोलते, पेपरातली लांबलचक मराठी वाक्यं तिला अडवतात असं तूच सांगत होतीस. साबण हातात आला की तिचीही ती अडचण राहणार नाही.

तुकडे वेगळे केलेस की एकेक उचल आणि त्यालाच विचार, ‘तू कुठे बसला होतास?’ कोपऱ्यावरचा म्हणेल, माझ्या तीन बाजू बाहेर होत्या. घनाला कोपरे ८, म्हणून असे ८. कडेच्या मधोमध बसलेला दोन बाजू दाखवेल. कडा १२, म्हणून ते १२. पृष्ठाच्या मध्यावरचा एकच लाल बाजू दाखवेल, तसे ६. आणि एक तुकडा असा निघेल की त्याच्यावर कुंकवाचा ठिपकाही नाही. तो तळहातावर ठेवून नीट बघ, छकुले. तो पोटात बसलेला, त्याला बाहेरची हवाच लागलेली नाही. ६४ तुकड्यांचा प्रश्न आला तरी जागा याच राहतात. कोपऱ्यावरचे तेच ८, प्रत्येक कडेवर आता दोन म्हणून २४, प्रत्येक पृष्ठावर मधे चार म्हणून २४, आणि पोटात ८. सूत्र हवं तर यानंतर पाठ कर, तेव्हा ते तुझं असेल.

दुसरा प्रश्न तुम्हाला ‘कमीत कमी किती काप’ म्हणून येतो. हा मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो बाबांच्या कामातला आहे. सागाच्या तुकड्यावर पेन्सिलीची रेघ ओढून बाबा कितीतरी वेळ नुसते बघत बसतात, आठवतं ना? ‘एक काप चुकला का लाकूड गेलं समज.’ शिवाय प्रत्येक काप लाकडातून काहीतरी घेऊन जातो, करवतीच्या दातांएवढी जाडी भुसा होऊन खाली पडते. हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे सुमारे ११५० साली, क्रकचव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. क्रकच म्हणजे करवत. ओंडक्याच्या दोन टोकांच्या जाडीची बेरीज निम्मी करायची, लांबीने गुणायची, मग जितके काप तितक्यांनी गुणायचं. मापं अंगुळात असतील तर ५७६ ने भागायचं, कारण हात म्हणजे २४ अंगुळं आणि चौरस हात म्हणजे २४ गुणिले २४. चिरलेल्या पृष्ठावर मजुरी ठरायची. आपल्या बाबांसारख्या माणसाचा घाम त्या ग्रंथात मोजलेला आहे, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

तर २७ तुकड्यांना ६ काप लागतात, हे तू साबणावर पाहिलंस. आता कुणी म्हणेल, एक काप झाला की तुकडे एकमेकांवर रचू, सगळे एकदम कापू, म्हणजे कमी कापांत भागेल. ६४ तुकड्यांत ही युक्ती चालते. सरळ कापलं तर ९ काप, पण अर्धा करून रचला, पुन्हा अर्धा केला, असं तिन्ही दिशांनी केलं की ६ कापांतच ६४ होतात. मग २७ ला ५ का पुरू नयेत? मी वहीची पानं भरली होती, कसंही रचून बघितलं. उत्तर अखेर त्या कोऱ्या तुकड्याने दिलं. त्याला सहा बाजू, आणि सहाच्या सहा करवतीने तयार झालेल्या, कारण आधीची बाहेरची एकही त्याच्या वाट्याला आलेली नाही. करवत सरळ जाते, एका फेरीत त्याच्या एकाच बाजूला लागू शकते. म्हणून सहा फेऱ्या हव्यातच. रचा, फिरवा, काहीही करा.

पडताळा हवा? प्रत्येक काप दोन नव्या बाजू उघडतो. सहा काप म्हणजे मोठ्या घनाच्या १२ पृष्ठांएवढी कोरी जागा, आणि लाल जागा ६ पृष्ठांची. लहान तुकड्यांवर मोजलीस तर लाल बाजू ५४, कोऱ्या १०८, एकूण १६२. दोन्हीकडे एकूण जागा लाल जागेच्या तिप्पट, बरोबर जुळतं.

तुकडे सारखेच असायला हवेत असंही नाही. २७ मधले एकाच कोपऱ्यातले, एकमेकांना लागून असलेले आठ एकत्र धर, त्यांचा एक मोठा घन होतो. आता तुकडे २० झाले. घन कितीही घनांत कापता येतो का, या प्रश्नाला स्वित्झर्लंडच्या ह्यूगो हाडविगर यांचं नाव आहे. ४७ घनांत तो कापताच येत नाही, आणि ४७ च्या पुढे प्रत्येक संख्येत येतो. त्यातली ५४ ही संख्या सगळ्यांत उशिरा, १९७७ साली सुटली: बाजू ८ असलेल्या घनात बाजू ४ चे सहा, ३ चे दोन, २ चे चार आणि १ चे बेचाळीस. घनफळांची बेरीज ५१२ येते का, करून बघ. हे तुझ्या परीक्षेत येणार नाही. पण ज्या घनापुढे तुझं डोकं बंद पडतं, त्याच्यापुढे मोठमोठी माणसंही थांबली आहेत, एवढं तुला माहीत असावं असं मला वाटलं.

तुझ्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेच्या बौद्धिक क्षमतेच्या पेपरात ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. घनाचा प्रश्न आला की पहिली दहा सेकंदं पेन खाली ठेव. रंग कुठे लागलाय ते वाच, मग एक तुकडा मनात उचल. नाहीच सुचलं तर पुढे जा, परत ये. शिष्यवृत्ती वर्षाला १२ हजार, नववीपासून बारावीपर्यंत; आईने तुझ्यासमोर हा आकडा दोनदा काढला म्हणून दडपण घेऊ नकोस. ती कापूस वेचून थकलेली असते, तिला तुझी काळजी आहे. मिळाले तर वसतिगृहाचं भागेल, नाही मिळाले तर मी आहे. हे मी आईला सांगून ठेवलंय.

साबणाचे तुकडे टाकू नकोस, धुण्याला चालतील. पण त्याआधी आणखी दोन ठोकळे काप. त्यांत फक्त तीनच बाजूंना कुंकू लाव. एका ठोकळ्यावर एका कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन बाजूंना, आणि दुसऱ्या ठोकळ्यावर वरच्या, खालच्या आणि एका उभ्या बाजूला. दोन्हीकडे रंगलेल्या बाजू तीनच, पण कोरे तुकडे एकीकडे ८ येतात, दुसरीकडे ६. का, ते रविवारी फोनवर मला तू सांग. मैत्रिणीलाही जवळ बसव.

तुझी,
ताई