आदळआपटीचा विनोद आणि सतरंजीवरची धाकटी मुलं

ॲनिमेशनपट म्हणजे लहान मुलांचा चित्रपट, असं आपण फार पटकन धरून चालतो. त्यात कुणी घसरून पडतंय, कुणाच्या डोक्यात तवा बसतोय, असा विनोद असला की मग बघायलाच नको. मुलं खिदळतात आणि मोठी माणसं मागे खुर्च्या टाकून गप्पा मारत बसतात. बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मला या निर्धास्तपणाची काळजी वाटते. त्यामागे एका उन्हाळ्यातला अनुभव आहे.

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून ‘मिनियन्स’ दाखवला होता. २०१५ सालचा, दीड तासाचा चित्रपट. ती पिवळी, गॉगलवाली पात्रं मुलांच्या दप्तरांवर आणि डब्यांवर आधीच होती, त्यामुळे कुणी वेगळी चौकशी केली नाही. तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुलं एकाच सतरंजीवर बसली.

मिनियन्सना जगातला सगळ्यात दुष्ट मालक हवा असतो. सुरुवातीलाच त्यांचे मालक एकामागून एक मरतात. डायनासोर लाव्हात पडतो, पडदा उघडल्यामुळे ड्रॅक्युला उन्हात नष्ट होतो. पुढे केविन, स्टुअर्ट आणि बॉब हे तिघं स्कार्लेट ओव्हरकिल नावाच्या खलनायिकेच्या हाती लागतात. ती त्यांना झोपताना एक गोष्ट सांगते. गोष्ट तीन डुकरांची, पण सांगण्यात उघड धमकी. आमच्याकडची तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी तिथेच आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली. शेजारची मुलं हसत होती म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नंतर तळघरात त्या तिघांना छळाच्या यंत्रांवर चढवलं जातं, गळ्यात फास अडकवले जातात. त्यांची शरीरं रबरासारखी, ते फासातून अलगद निसटतात आणि त्याच दोरांशी खेळू लागतात. गच्चीवर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली घसरगुंडीपाशी तीन मुलांनी उडी मारायची दोरी वरच्या दांडीला बांधली होती. तिचं दुसरं टोक एका साडेचार वर्षांच्या मुलाच्या गळ्यात होतं. मी तिथेच बाकावर होते, म्हणून दोरी लगेच काढता आली. त्याला मुळीच भीती वाटलेली नव्हती. तो मला समजावत होता, “ताई, यातून सुटता येतं. मिनियन सुटतात ना!”

मिनियनला मान नसते. मुलाला असते. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक न सांगता कळतो. गच्चीवरच्या मोठ्या मुलांपैकी एकानेही दोरीला हात लावला नव्हता. साडेचार वर्षांच्या मुलाला तो कळत नाही, आणि यात मुलाचा काही दोष नाही.

अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये १९६३ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांनी मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना प्रत्यक्ष पाहिलं, काहींनी तेच पडद्यावर पाहिलं, आणि काहींनी काळ्या मांजराच्या वेशातली बाई कार्टूनसारख्या देखाव्यात तेच करताना पाहिली. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या तिन्ही गटांतली मुलं अधिक आक्रमक वागली. कार्टून आहे म्हणून मुलांनी ते सोडून दिलं नाही.

सेन्सॉरचा दाखला या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर आपल्याकडे ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण सातच्या खाली पुन्हा कुठलाच टप्पा नाही. तीन वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल एकाच ‘यू’मध्ये. ब्रिटनमध्ये ‘मिनियन्स’ला ‘यू’ मिळालं आणि नेमक्या त्या तळघराच्या प्रसंगावर पालकांनी तक्रारी केल्या. अमेरिकेत त्याला ‘पीजी’ मिळालं, म्हणजे पालकांनी आधी विचार करावा. चित्रपट एकच, शिक्के दोन.

मग पालकांनी बघायचं काय? मारामारी किती वेळा आहे हे मोजण्यात अर्थ नाही. मारायला किंवा अडकवायला वापरलेली वस्तू घरात मुलाच्या हाताला लागते का, ते बघा. डोक्यावर पियानो पडला तर मी चिंता करत नाही, पियानो कुणाच्या घरी आहे? दोरी, ओढणी, प्लास्टिकची पिशवी, विजेचा प्लग, गॅस, गॅलरीचा कठडा यांपैकी काही विनोदासाठी वापरलं असेल तर सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला तो चित्रपट नको.

दुसरं, लागल्याचं काही होतं का? त्याच २०१५ सालचा ‘शॉन द शीप’चा चित्रपट घ्या. त्यातही भरपूर धडपड आहे. पण शेतकऱ्याच्या डोक्याला मार बसतो तेव्हा त्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्याची स्मृती जाते, आणि मेंढ्यांना त्याला शोधत शहरात वणवण करावी लागते. एका धक्क्याची किंमत सगळी गोष्टभर मोजली जाते. शिवाय त्यात संवादच नाहीत, म्हणून मराठी माध्यमातलं मूलही कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट समजून घेतं. प्राणी पकडणारा माणूस त्यात थोडा भीतिदायक आहे, तेवढ्यापुरतं शेजारी बसावं.

आणखी एक गोष्ट बरेचदा निसटते. ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या फिती सात-आठ मिनिटांच्या असत. पाठलाग झाला, आपटले, संपलं. दीड तासाच्या चित्रपटाला तेवढं पुरत नाही. त्याला खलनायक लागतो, धमकी लागते, कुणीतरी एकटं पडावं लागतं. म्हणून छोट्या फिती आवडीने बघणारं मूल त्याच धाटणीच्या मोठ्या चित्रपटात मध्येच रडकुंडीला येऊ शकतं. त्याला ‘भित्रा’ म्हणू नका, उठून जायचं असेल तर जाऊ द्या.

चित्रपट आधी आपण पूर्ण पाहावा. तेवढा वेळ नसेल तर निदान खलनायक येतो तिथपासून शेवटापर्यंतचा भाग पाहावा, कारण जाहिरातीत तो क्वचितच दाखवतात. दाखवताना पडद्याकडे कमी आणि मुलांच्या तोंडाकडे जास्त बघावं. दुसऱ्या दिवशी त्यांचा खेळ लांबून बघावा. काय मनात राहिलंय ते खेळात दिसतं.

माझ्यापुरता निर्णय असा: ‘मिनियन्स’ सात वर्षांपुढे, तोही मोठं माणूस सोबत असताना; ‘शॉन द शीप’ चार वर्षांपासून चालेल. आणि गच्चीवर, हॉलमध्ये किंवा वाढदिवसाला सगळ्या वयांची मुलं एकत्र बसणार असतील, तर कृपा करून चित्रपट सर्वांत धाकट्या मुलाचं वय धरून निवडा.