माशाच्या अंड्यालाही वाफसा लागतो

सभासद बंधूंनो, उसाचे बेणे लावल्यावर सरीत पाणी तुंबले तर डोळा फुटत नाही, कांडे आंबते, हे आपणांस सांगायला नको. बेण्याला पाणी हवे तशी हवाही हवी. शेततळ्यात मासे पाळणाऱ्या शिरूर-दौंडच्या आपल्या सभासदांनी माशाच्या अंड्याबाबतही हेच ध्यानात घ्यावे.

एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात २० अंश सेल्सिअसला फार तर ९ आणि ३० अंशाला ७.५ मिलिग्रॅम विरघळतो. आपल्याकडे उंचीमुळे थोडा कमीच. पाणी तापले की प्राणवायू घटतो आणि अंड्यातल्या जिवाची गरज मात्र वाढते.

या जिवाला अजून कल्ले नसतात. प्राणवायू अंड्याच्या आवरणातून झिरपत आत येतो. अंड्याला लागून असलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला आणि पाणी हलले नाही, तर जीव गुदमरतो. सुरुवातीला गरज थोडी. फुटण्याआधी शेपटी वळवळू लागते तेव्हा फार. कमी पडला तर वाढ खुंटते, पिले वेडीवाकडी निघतात, नाहीतर अंडी मरून पांढरी पडतात. त्यांच्यावर बुरशी येते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही धरते.

रोहू साचलेल्या पाण्यात अंडी देत नाही. त्याला पुराचे पाणी लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास केली. तरी त्यांची अंडी फुटेपर्यंत, म्हणजे १४ ते १८ तास, पाणी फिरतेच ठेवावे लागते. आपल्या तळ्यात अंडी देतो तो सायप्रिनस. त्याची अंडी जलपर्णीच्या मुळ्यांना चिकटतात आणि फुटायला दोन-तीन दिवस घेतात. म्हणजे दोन-तीन रात्री काढायच्या, आणि खरी मेख इथेच आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ, मासे, गाळ सगळे मिळून तो ओढतात. पहाटे पाणी सर्वांत कंगाल.

म्हणून अंडी असताना तळ्यात शेण किंवा प्रेसमड टाकू नये. कुजताना ते प्राणवायू खाते. मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्याखाली पाणी उचलणाऱ्यांनी त्या दिवसांत नदीचे नवे पाणी तळ्यात घेऊच नये. अंड्यांच्या मुळ्या विरळ ठेवाव्यात, गाळाला टेकू देऊ नयेत. पहाटे तीन-चारला तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे. अंड्यांवर धार नको. रात्रपाळीची वीज वाट्याला आली असेल, तर निदान या कामी ती सोयीची.