वेबसाइटचे कुलूप : आधी चाचणी, मग व्यवहार

१९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसनोंद, वजन, बिल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. तेथे कारखाना आणि सभासद एकमेकांना ओळखत होते. आज आपले कारागीर व व्यापारी बांधव वेबसाइटवर माल मांडतात, तेव्हा गिऱ्हाईक अनोळखी असते. त्याचे नाव, पत्ता, फोन नंबर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती वाटेत कोणी वाचू नये म्हणून वेबसर्व्हरवर सुरक्षा प्रमाणपत्र बसवतात. पूर्वी त्यासाठी बहुधा पैसे मोजावे लागत. आता ते मोफत मिळते. मात्र चाचणी क्रमाने करावी.

१) प्रथम आपल्याच संगणकावर ‘ओपनएसएसएल’ या मोफत प्रोग्रॅमने स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र तयार करावे. मजकूर सांकेतिक होतो. पण ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. कारण सही आपलीच, त्रयस्थाची साक्ष नाही. हे फक्त स्वतःच्या चाचणीसाठी.

२) नंतर ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडे वळावे. ही मोफत सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुली झाली. तिची ‘स्टेजिंग’ नावाची वेगळी चाचणी व्यवस्था आहे. तेथील प्रमाणपत्र ब्राउझर मानत नाही, पण सर्व पायऱ्यांची रंगीत तालीम होते. थेट खऱ्या व्यवस्थेवर प्रयोग करू नयेत. त्याच नावाची प्रमाणपत्रे आठवड्यात पाचच मिळतात. ती चुकांत संपली, तर दुकान उघडण्याच्या दिवशीच खोळंबा होतो.

३) तालीम बिनचूक झाली की खरे प्रमाणपत्र घ्यावे. सुरुवातीपासून ९० दिवसांची असलेली मुदत पुढे आणखी कमी होणार आहे. म्हणून ‘सर्टबॉट’सारख्या प्रोग्रॅमकडून आपोआप नूतनीकरणाची सोय करावी आणि तिचीही चाचणी घ्यावी. प्रमाणपत्रासोबतची खासगी किल्ली कोणालाही पाठवू नये.

सर्वांत महत्त्वाचे : चाचणीचे प्रमाणपत्र चालू दुकानावर ठेवून ‘इशारा आला तरी पुढे जा’ असे गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका. आज तुमच्या शब्दावर तो इशारा ओलांडेल. उद्या तुमच्या नावाने आलेल्या भामट्याकडेही तसाच जाईल.

आणि हेही ध्यानात असू द्या, की हे कुलूप पत्त्याची साक्ष देते, मालाची नव्हे. माप आणि शब्द पाळणे दुकानदाराच्याच हाती आहे.