भूक उन्हातून लागते

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी
मृग नक्षत्र, जून

चि. बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं सिडनीहून आलेलं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, पाल्याला तोंड लावत नाही, रातकिडे दोन-तीन खाऊन मान फिरवतं आणि वॅक्सवर्मची अळी दिसली की मात्र झडप घालतं, असं तू लिहिलंस. हे एवढं हट्टी का, आणि आता नवीन काय खायला घालू, असं विचारलंस. बाळा, नवीन काही विकत आणू नकोस. खाण्याचं बघण्याआधी त्याचं घर बघू.

माझं सगळं आयुष्य गुरांच्या डॉक्टरकीत गेलं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि नोकरीही याच पट्ट्यात केली. ‘डॉक्टर, जनावर खाईना’ म्हणत शेतकरी दारात आला, की मी वैरणीचं नंतर विचारायचो. आधी विचारायचो, गोठा कसा आहे, पाणी कुठलं पितं, जागा बदलली का, शेण कसं पडतंय. निम्म्या वेळा उत्तर तिथंच सापडायचं. तुझ्या ड्रॅगनच्या बाबतीत तर हे दुपटीनं खरं आहे. गाय आपल्या अंगातली ऊब स्वतः तयार करते, त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. अंग तापल्याशिवाय त्याला भूक लागत नाही, आणि खाल्लं तरी पचत नाही.

आपल्या मागच्या कुंपणाच्या बाभळीवर रोज सकाळी एक सरडा येतो. तुझा ड्रॅगन आणि हा सरडा एकाच अगॅमिडी कुळातले. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा रंगीत पंखा उघडणारा सरडाही त्यातलाच. कोवळ्या उन्हात आपला बाभळीवरचा सरडा खोडावर येतो तेव्हा अंग काळपट असतं. बरगड्या पसरून, उन्हाकडे कूस करून तो खोडाला चिकटून बसतो. नाकासमोरून मुंग्यांची रांग चाललेली असते, तरी जीभ बाहेर येत नाही. ऊन चढतं तसा रंग उजळतो, मान वर होते, तो पुढच्या पायांवर दोन-चार जोर काढतो आणि त्याच रांगेतल्या मुंग्या एकेक करून टिपायला लागतो. तुझ्या पिल्लाचं गणित याहून वेगळं नाही.

ड्रॅगनचा मूळ मुलूख म्हणजे तुमच्याच न्यू साउथ वेल्सचा पश्चिम भाग, ब्रोकन हिलकडचा कोरडा प्रदेश, आणि त्याला लागून क्वीन्सलँड व साउथ ऑस्ट्रेलियाचा आतला भाग. तिथला उन्हाळा आपल्या परभणीच्या वैशाखासारखा भाजून काढणारा. सिडनीत मात्र सध्या हिवाळा आहे. आमच्याकडे मृगाच्या पावसाची वाट बघत घामाच्या धारा लागल्यात आणि तुमच्याकडे पहाटे स्वेटर घालावा लागतो. तू पिल्लू आणलंस ते नेमकं थंडीच्या तोंडावर. म्हणून आधी तापमान मोज. पेटीच्या काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेचं तापमान दाखवतो, त्यावर जाऊ नकोस. इन्फ्रारेड थर्मामीटर घे आणि पिल्लू ज्या दगडावर किंवा फांदीवर बसतं, नेमकी तीच जागा मोज. तिथं 38 ते 42 अंश सेल्सिअस हवं. पेटीचं दुसरं टोक 25 ते 28 अंशांवर असू दे, म्हणजे तापल्यावर त्याला सावलीला जाता येईल. रात्री दिवे बंद, पण खोली फार गारठू देऊ नकोस.

ऊब झाली, आता उजेड. या प्राण्याला अतिनील किरणांतला यूव्ही-बी भाग लागतो. त्यातून त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच पोटातलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीतून ऊन येतं असं तू लिहिलंस, पण साधी काच यूव्ही-बी अडवते. त्यासाठी वेगळी ट्यूब लागते, दिवसाला साधारण 12 तास. ती दिसायला चांगली पेटत असली तरी तिच्यातले हे किरण महिन्यागणिक कमी होत जातात. म्हणून बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीत, सहा महिने ते वर्षभरात, ती बदलायची. बसवल्याची तारीख ट्यूबवरच लिहून ठेव.

कॅल्शियमचं महत्त्व मी पुस्तकापेक्षा गोठ्यात जास्त शिकलो. भरपूर दुधाची म्हैस व्याली की कधीकधी दुसऱ्याच दिवशी आडवी पडते. कान गार, मान कुशीवर वळलेली, डोळे निस्तेज. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम दुधात उतरलेलं असतं. शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश सोडली, की बाटली संपेपर्यंत अंगाला थरथर सुटते, ती शेण टाकते आणि पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. ड्रॅगनच्या पिल्लाचं तसं होत नाही. त्याच्या हाडांतून कॅल्शियम आठवड्या-आठवड्यानं झिजतं. मग जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठ वाकडी होते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. आणि जबडा दुखतो म्हणून न खाणारं पिल्लू बघणाऱ्याला हट्टी वाटतं. म्हणून रातकिड्यांवर कॅल्शियमची पूड रोज हलकी भुरभुर. किड्यांमध्ये मुळातच फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असतं. आपल्याला हवं ते उलट, साधारण दोन भाग कॅल्शियमला एक भाग फॉस्फरस. जीवनसत्त्वांची पूड मात्र आठवड्यातून एकदा-दोनदा, डॉक्टर सांगतील तेवढीच. ती जास्त झाली तर बाधते.

आता ताटाकडे वळू. या वयात त्याच्या पोटात तीन हिस्से किडे आणि एक हिस्सा पाला गेला तरी ठीक आहे. वर्ष-दीड वर्षाचा झाला की हे प्रमाण उलटतं. रानात हे प्राणी वाळवीवर ताव मारतात आणि पानं-फुलंही खातात. म्हणून तीन महिन्यांचं पिल्लू पाला खात नाही याची धास्ती घेऊ नकोस, पण पाला ठेवणं एक दिवसही चुकवू नकोस. सकाळी दिवे लागल्यावर तासाभरानं, ते चांगलं तापलं की आधी पाला ठेव. त्यानंतर रातकिडे, दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. शेवटचं खाणं दिवे मालवण्याच्या दोन तास आधी, म्हणजे पचायला ऊब मिळते. उरलेले रातकिडे वेचून काढ. रात्री तेच पिल्लाची बोटं आणि पापण्या कुरतडतात.

तुझ्या आईला घरात किड्यांचा डबा सहन होत नाही, हे मला तिनं फोनवर सांगितलं. ती माळकरी घरातली लेक, तिला वाईट वाटणारच. पण तिला माझ्या वतीनं सांग, की प्राणी पाळला की त्याच्या जातीचा धर्मही पाळावा लागतो. वाढत्या ड्रॅगनला आपल्या समाधानासाठी शाकाहारी करणं ही दया नाही, ती उपासमार आहे. तू मात्र तिचा मान राख. डबा स्वयंपाकघरात नको, झाकण घट्ट हवं, आणि त्या किड्यांनाही नीट खायला-प्यायला घाल. आदल्या दिवशी पालेभाजी आणि गाजर खाल्लेला रातकिडा पिल्लाच्या अंगी लागतो. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. तुमच्याकडे दुकानात मिळणाऱ्या वुडी झुरळांनी आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांनी पालट कर. त्या अळ्यांमध्ये कॅल्शियम मुळातच चांगलं असतं. अंगणातला किडा धरून देऊ नकोस. फवारलेल्या कापसातला किडा मी कोंबडीलाही घालणार नाही. काजवा तर चुकूनही नको. एक काजवाही ड्रॅगनच्या जिवावर बेतू शकतो.

पाल्यात मोहरीचा पाला, बोक चॉय, थोडा शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा घे. पालक, चुका, माठ रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अ‍ॅव्होकॅडो आणि ऱ्हुबार्ब विषारी, ते कधीच नाही. पाला अगदी बारीक चिर, वर पाण्याचे चार थेंब शिंपड. या प्राण्याला रंग छान दिसतात, म्हणून वर जास्वंदीची लाल पाकळी किंवा भोपळ्याचा किस ठेव. पाल्यावर ब्लॅक सोल्जर माशीच्या दोन-चार अळ्या सोड. हलणाऱ्या अळीवर झडप घालताना तोंडात पानही जातं, आणि चव अशीच लागते.

वॅक्सवर्म मात्र आजपासून बंद. ती अळी म्हणजे नुसती चरबी. बिस्किटाच्या पुड्यावर वाढलेल्या पोराला भाकरी गोड लागत नाही, तसं तुझ्या पिल्लाचं झालंय. दोन-चार दिवस ते रुसेल, तोंड फिरवेल, तुझ्याकडे टक लावून बघेल. तू विरघळू नकोस. पेटीतली ऊब आणि उजेड बरोबर असेल आणि वजन टिकून असेल, तर ते रुसणं धोक्याचं नाही.

वजन म्हणूनच महत्त्वाचं. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यासारखा एक काटा वेगळा आण आणि दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, त्याला त्यावर ठेव. आकडा वहीत लिही. वाढत्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला वर गेलं पाहिजे. कात टाकताना खाणं कमी होतं, नव्या घरात आल्यावर आठ-पंधरा दिवस बिचकतं, काचेत आपलंच प्रतिबिंब दिसलं तरी बिथरतं. अशा वेळी पेटीच्या तीन बाजू कागदानं झाक, हाताळणं कमी कर आणि थांब. पण वजन घसरत असेल, डोळे खोल गेले असतील, शी होत नसेल किंवा पातळ नि घाण वासाची होत असेल, पाय थरथरत असतील, तर माझ्या पत्राचीही वाट बघू नकोस. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि जाताना ताजी शी डबीत घेऊन जा. पिल्लांच्या पोटात कॉक्सिडिया आणि जंत वरचेवर निघतात. तोंड उघडून पिचकारीनं भरवू नकोस. श्वासनळीत गेलं तर घात होतो.

तुमच्या राज्यात असा प्राणी पाळायला परवाना लागतो आणि तो तुझ्या नावावर आहे. तेव्हा जबाबदारीही तुझ्याच नावावर. ड्रॅगन आपला शब्द ऐकत नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही. त्याचं अंग काय सांगतंय ते ऐकायला शिकणं हे आपलं काम. गोठ्यात मी जे शिकलो ते हेच, आणि तुला देण्यासारखं माझ्याकडे याहून मोठं काही नाही.

आज संध्याकाळी दगडाचं तापमान मोज, पेटीत यूव्ही-बी ट्यूब असेल तर ती कधी बसवली ते दुकानदाराला विचार आणि रविवारी वजन कर. तिन्ही आकडे मला कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. अभ्यासाकडे लक्ष असू दे. कळावे.

तुझा
मामा