समूहवादनातून बालविकास : नाशिकच्या ढोलपथकांचा धडा

बालकाच्या जडणघडणीत घर, शाळा आणि क्रीडांगण यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. अनेकांनी मिळून वाद्य वाजविण्यातूनही तितकेच मोलाचे शिक्षण होते, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. व्हेनेझुएलामध्ये होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. आपल्या देशात त्याच्या कितीतरी आधी, १९१८ च्या सुमारास, बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीत अनाथ झालेल्या मुलांना हाताशी धरून मैहर येथे वाद्यवृंद उभारला. निकामी बंदुकांच्या नळ्यांपासून त्यांनी ‘नलतरंग’ हे वाद्य सिद्ध केले आणि पोरक्या मुलांतून वादक घडविले.

नाशिकलाही संगीतशिक्षणाची परंपरा आहे. पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात येथे रामनाम आधाराश्रमात शिष्य घडविले. आज या शहरातील अनेक मुलामुलींना समूहवादनाची पहिली ओळख होते ती ढोल-ताशा पथकात. ‘नाशिक ढोल’ हे नाव दूरवर पोहोचले आहे. वाकडी बारवेपासून निघणारी विसर्जन मिरवणूक आणि गुढीपाडव्यानिमित्त गोदाकाठी होणारे ‘महावादन’ सर्वांना दिसते. त्यामागचा सराव मात्र फारसा कोणी पाहत नाही. मुलाचे खरे शिक्षण त्या सरावातच होते.

प्रत्येक वाद्याचे काम वेगळे

ढोलाच्या एका अंगावर टिपरू पडते, तर दुसऱ्यावर हाताची थाप. ताशा बारीक काड्यांनी वाजतो व साऱ्या पथकाला दिशा देतो. झांज लय ठळक करते. एकट्या ढोलाचा ठेका अपुरा वाटतो आणि एकट्या ताशाची तडतड लवकरच कंटाळवाणी होते. आपला वाटा छोटा असला तरी त्यावाचून संपूर्ण रचना उभी राहत नाही, हे मुलाला येथे प्रत्यक्ष अनुभवास येते.

ऐकणे, पाहणे आणि थांबणे

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. पथक ३४ मीटर लांब असेल, तर पुढच्या रांगेतील थाप मागच्या रांगेपर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदाला दोन थापा पडत असताना हे अंतर एका मात्रेच्या पाचव्या हिश्शाएवढे होते. मागच्यांनी केवळ कानांवर विसंबून वाजविले, तर वादन फाटते. म्हणून कान शेजाऱ्याकडे आणि डोळे प्रमुखाच्या हाताकडे, अशी दुहेरी एकाग्रता साधावी लागते.

ताशाचे एकल वादन चालू असता सर्व ढोलांना निमूट थांबावे लागते. उत्साहाच्या भरात एखादी थाप अवेळी पडली, तर ती सर्वांना ऐकू येते. त्यामुळे स्वतःला आवरण्याची सवय मुलाला उपदेशावाचून लागते. ढोलाची दोरी ताणण्यास दुसऱ्याचा हात लागतो. त्या कामी घरची श्रीमंती वा मुलगा-मुलगी हा भेद उपयोगाचा नसतो.

संगीत शिकल्याने गणित सुधारते, बुद्धी वाढते, असे दावे वारंवार केले जातात. संशोधनातून त्यांना भक्कम आधार मिळालेला नाही. समूहवादनाची योग्यता सिद्ध करण्यास अशा दाव्यांची गरजही नाही.

दक्षता आवश्यक

या शिक्षणाला एक धोका आहे आणि त्याची उपेक्षा परवडणारी नाही. मुलांच्या कानांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम सव्वा तास उरतो. ढोल-ताशांच्या निकट आवाज १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो. आवाजाने अधू झालेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. ज्या कलेचा पाया ऐकण्यावर आहे, तिनेच मुलाचे कान गमावले जावेत, हे कोणत्याही पालकास मान्य होणार नाही.

यास्तव कानांत बोळे घालणे सर्वांस सक्तीचे असावे. ढोलाचे वजन वयाच्या मानाने ठरवावे. लहानांना प्रथम झांज अथवा लेझीम द्यावी. ठेक्याचे बोल आधी तोंडाने म्हणवून व टाळीवर घोटून घ्यावेत. त्यामुळे निम्मा सराव आवाजाविना होतो. सरावाच्या वेळा शाळेचा अभ्यास आणि परिसरातील रहिवाशांची झोप पाहून ठराव्यात.

पथकांच्या चालकांनी व शाळांनी एवढे पथ्य पाळले, तर दहा-बारा मुलांचे छोटे पथकही पुरेसे आहे. ढोलांची संख्या आणि आवाज वाढविण्याच्या स्पर्धेत त्याने उतरण्याचे कारण नाही. शेवटच्या रांगेतील मुलाची थाप पहिल्या रांगेशी जुळली की त्याचे काम साधले.