पोटातले जंतू आणि न सोसणारे पदार्थ



गेल्या हिवाळ्यात माझ्या वन्संना लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक घ्यावे लागले. इन्फेक्शन गेले, पण पोट फुगू लागले, दूध प्यायले की जुलाब. मी नर्सची नोकरी केलेली, फोनवर म्हणाले, "वन्सं, दूध बंद करा." पुढे त्यांनी स्वतःहून डाळ सोडली, मग कांदा, मग पोळी. पुरीमनंतर लोदला गेले तर त्या पेज आणि बिनदुधाच्या चहावर होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दूध किती दिवस बंद, हे मी सांगितलेच नव्हते. ती चूक माझी.

आपल्या मोठ्या आतड्यात अगणित जंतू राहतात. डाळी-भाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचा खुराक. तो आंबवून ते जी आम्ले बनवतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. अँटिबायोटिकने यांतलेही बरेच मरतात. त्यात आपण चोथा बंद केला की उरलेले उपाशी. महिन्याने एकदम वाटीभर डाळ खाल्ली की गॅस होतो आणि आपण म्हणतो, "बघा, मला डाळ सोसत नाही!"

दुधाचे वेगळे. त्यातली साखर पचवणारा रस लहान आतड्यात तयार होतो. मोठेपणी तो पुष्कळांत कमी होतो, जुलाबानंतर काही काळ आणखी कमी. दह्यात, लेबेनमध्ये जंतूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते, म्हणून ते बहुधा सोसते.

फार्मसीतल्या जंतूंच्या महागड्या गोळ्यांची घाई नको. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, अँटिबायोटिकनंतर त्या घेणाऱ्यांचे मूळचे जंतू उलट उशिरा परतले.

वन्संना मी आधी डॉक्टरांकडे नेले. वजन घटणे, शौचात रक्त, ताप, किंवा अँटिबायोटिकनंतर न थांबणारे पाण्यासारखे जुलाब, यांवर घरी प्रयोग करू नयेत. डॉक्टरांनी त्यांना काही आठवडे पुन्हा पोळी खायला लावली आणि मगच रक्त तपासले. गहू बंद असताना तपासले तर सिलिअक रोग असूनही दिसत नाही. काही निघाले नाही.

मग दोन चमचे मुगाचे वरण, आठवड्याने चार. पेसाहनंतर दही. शेवटी वालाचे बिरडे, भिजवलेले पाणी ओतून देऊन. गॅस करणारी काही साखर त्या पाण्याबरोबर जाते. परवा त्यांनी बिरडे दुसऱ्यांदा वाढून घेतले. चहात दूध मात्र अजून चमचाभरच.