नमुना हातातून सोडू नका

मोगऱ्याची ती वेल माझी आहे, हे आधी सांगते. गॅलरीतल्या कुंडीसमोर बसून पेन्सिलने काढलेली, मग काळ्या पेनाने पक्की केलेली, आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या शिक्केवाल्याकडून तिचा पॉलिमरचा स्टॅम्प करून घेतलेला. तीच वेल गेल्या मार्गशीर्षात पुण्यातल्या एका लग्नाच्या पत्रिकांवर छापून घरोघरी गेली. मला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. राग आहे म्हणून लिहिते आहे, हे मान्य. पण घरी बसून कार्डं करणाऱ्या आणखी चारजणींच्या बाबतीत हेच घडताना मी पाहिलंय, म्हणूनही लिहिते आहे.

त्या लग्नघरच्या बाई माझ्या मावशीच्या भिशीतल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सगळ्यांच्या पत्रिकेसारखी पत्रिका नको होती. हात लावला की कळलं पाहिजे, असं त्यांचंच वाक्य. मी दर सांगितला: एका पत्रिकेचे 110 रुपये. 300 जीएसएमचा जाड कागद, त्यावर डायने कापलेली कमान, कमानीवर सोनेरी एम्बॉसिंगची वेल आणि ती कमान फोम टेपवर थोडी उचललेली. घासाघीस होऊन गाडी 95 वर आली. ॲडव्हान्सचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, घरचंच आहे, आम्ही काय पळून जातोय का?" मी दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाल्या की नमुना दाखव, व्याह्यांनी हो म्हटलं की लगेच देते. वर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप: "कागद आणून ठेव हं, दिवस कमी आहेत." तो निरोप आजही माझ्या फोनमध्ये आहे.

भाद्रपदातल्या दमट हवेत एम्बॉसिंग करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. चिकट शाईने ठसा उमटवायचा, त्यावर पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची आणि हीट गनने ती वितळवायची. कागदाने हवेतलं पाणी धरलं असेल तर पावडर नको तिथेही चिकटून बसते आणि सगळीकडे सोनेरी ठिपके उठतात. त्यावर उपाय म्हणजे मलमलच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ठसा उमटवायच्या आधी कागदावरून हलकेच फिरवायची. तसं करून नमुना केला. एका पाकळीच्या टोकाला ठसा किंचित उचलला गेला होता, तिथे सोनेरी रेघ तुटली होती. हाताच्या कामात असं होतंच, प्रत्येक कार्डावर वेगळ्या जागी होतं, आणि मला ते आवडतं.

व्याह्यांना दाखवायला म्हणून नमुना त्यांच्याकडे गेला आणि बरेच दिवस तिकडेच राहिला. परत आला तेव्हा एक कोपरा दुमडलेला होता. "मुलाकडच्यांना साधीच हवीये गं. तुझी खूपच सुंदर होती, पण काय करणार." मी कागद आणून ठेवला होता, कमानी कापायला घेतल्या होत्या. त्याबद्दल एक शब्दही नाही.

पुढचं मावशीकडे कळलं. तिच्या देवघराशेजारी हळदीकुंकू लावलेली पत्रिका उभी होती. लांबून पाहिली तेव्हा वाटलं, माझाच नमुना इथे कसा? हातात घेतली तर कागद गुळगुळीत आणि पातळ. कमान उचललेली नव्हतीच, उचलल्यासारखी दिसत होती. फोम टेपमुळे डाव्या बाजूला जी सावली पडते, ती सावलीसुद्धा छापली होती. सोनेरी रंग मोहरीच्या चटणीसारखा मळकट पिवळा झाला होता, कारण चकचकीत एम्बॉसिंग स्कॅन केलं की चमक निघून जाते आणि नुसता रंग राहतो. मग मी पाकळीचं टोक पाहिलं. रेघ तिथेच तुटली होती. मावशीच्या शेजारच्या काकूंनाही आमंत्रण होतं. त्यांच्याकडची पत्रिका मागून घेतली आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी धरल्या. तीच पाकळी, तीच तूट, केसाचाही फरक नाही. हाताने केलेली दोन कार्डं अशी कधीच निघत नाहीत. माझा नमुना स्कॅनरवर ठेवला गेला होता, आणि कोपरा कुठे दुमडला तेही कळलं.

मावशी म्हणाली, पहिली पत्रिका त्यांनी कसब्याच्या गणपतीपुढे ठेवली होती. ते ऐकून मला सगळ्यात जास्त लागलं. देवापुढे ठेवायला चोरीची वेल चालली.

मी त्या बाईंना फोन केला. आधी "मला काही माहीत नाही, छपाईवाल्याने काढलं असेल", मग "तुझं पाहूनच सुचलं, कौतुकच समज", आणि शेवटी आवाज चढवून, "मोगऱ्याच्या फुलावर कुणाची मालकी असते का?" मोगऱ्यावर नसते. मी काढलेल्या रेघेवर असते. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. चित्र आपण स्वतः काढलं की त्याचा हक्क त्याच क्षणी आपला होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. फक्त ते आपण आधी काढलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मूळ पेन्सिलचा कागद तारीख घालून जपा, शिक्केवाल्याची पावती जपा, काम चालू असतानाचे फोटो ठेवा. माझ्याकडे हे सगळं आहे. मावशीचे संबंध आड आले म्हणून नोटीस पाठवली नाही, एवढंच.

मात्र बाजारातून आणलेल्या स्टॅम्पवर हा हक्क सांगता येत नाही. परदेशी स्टॅम्प कंपन्यांचा एक नियम असतो, त्याला एंजल पॉलिसी म्हणतात. स्वतःच्या हाताने ठसा उमटवून केलेलं कार्ड विकायला बहुतेक कंपन्या परवानगी देतात, पण त्याच ठशाची स्कॅन करून किंवा यंत्राने छपाई करायला नाही. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचून घ्या. अशा कार्डाची कुणी नक्कल छापली तर चित्र कंपनीचं, आणि तुमच्या हातात फार काही उरत नाही. म्हणून ज्यांना ऑर्डरी घ्यायच्या आहेत त्यांनी निदान दोनतीन स्टॅम्प स्वतःच्या चित्रांचे करून घ्यावेत. ऑफिसचे शिक्के करणारे पॉलिमरचे स्टॅम्प सहज करून देतात. चित्राच्या निगेटिव्हमधून राळेवर अतिनील प्रकाश टाकतात, प्रकाश लागतो तेवढी कडक होते, बाकीची धुऊन जाते. रेघ फार बारीक ठेवू नका, धुताना तुटते.

आता नमुन्याबद्दल. नमुन्याचे पैसे आधी घ्या, मी आता 500 घेते आणि ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करते. जी व्यक्ती 500 द्यायला कुरकुरते ती पुढे काय करणार हे तिथेच कळतं. नमुन्याच्या दर्शनी बाजूवर, थेट चित्रावरून, न पुसणाऱ्या शाईने "नमुना" असा ठसा मारा. आत मारून उपयोग नाही. फोटो पाठवताना वरून सरळ काढलेला कधीच पाठवू नका, तिरका काढा, एका बाजूने उजेड घ्या, बोटं दिसू द्या. व्याह्यांना, आत्याला, काकांना कुणाला दाखवायचं असेल त्यांना आपल्या घरी बोलवा. नमुना घराबाहेर रात्रभर राहू देऊ नका.

ॲडव्हान्स निम्मा, आणि तो हातात पडेपर्यंत कात्री उचलू नका. बोलणं फोनवर झालं तरी लगेच दोन ओळींचा मेसेज टाकून "बरोबर ना?" असं विचारा. किंमत काढताना मिनिटं मोजत बसू नका, एका कार्डासाठी डाय कापायच्या मशीनचा दांडा किती वेळा फिरवावा लागतो ते मोजा. बारीक जाळीची डाय असेल तर कागद बाहेर काढायला लागणारा वेळही त्यात धरा, आणि डायखाली मेणकागद घाला म्हणजे जाळी सुटते. कापायच्या प्लेट दर वेळी पालटून घाला, एकाच बाजूने वापरल्या तर वाकतात. पुण्यात शिवाजीनगरला असलेल्या हातकागद संस्थेचा कागद फार देखणा आहे, पण त्यावर नाजूक डाय चालवायला होकार देऊ नका. त्याचे सुती तंतू कडेला पिसारतात आणि दोष आपल्यावर येतो. साध्या गोल-चौकोनी आकारांना तो उत्तम.

कंपन्यांच्या दिवाळी कार्डांची कामं घेणाऱ्यांनी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी, ती फुकट असते. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी कंपनीला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. माल दिल्यावर नोंदणी केलीत तर भांडत बसावं लागतं.

आणि आपल्या कामाला "छंद आहे गं तिचा" असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. माझ्या बाबतीत तेच वाक्य पहिल्या दिवशी म्हटलं गेलं होतं.

त्या बाईंना मी बिल पाठवलंय: नमुन्याचे पैसे, कापलेल्या कमानींचा कागद आणि वेलीच्या वापराची रक्कम. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तेच बिल मी पुन्हा पाठवते आणि पैसे येईपर्यंत पाठवत राहणार आहे.